राखवाडीचं पाणी

"पण यात मुतारी कुठाय?" लतीफभाईंनी विचारलं.

बुद्धरत्नने माउसवरचा हात उचलला. पडद्यावर वेल्मार शहराचा बाजार भर दुपारच्या उन्हात पसरला होता. कापडाची दुकानं, कोंबड्यांची खुराडी, कुणाशी तरी हुज्जत घालणारी मासेवाली. तीन वर्षं खपून त्याने हे शहर उभं केलं होतं, आणि खालच्या मजल्यावर टेम्पोचा धंदा करणाऱ्या या शेजाऱ्याने त्यात नसलेली एकच गोष्ट पहिल्या दमात हुडकून काढली होती.

"मुतारी नाहीये, चाचा."

"एवढं शहर बांधलंस नि मुतारी नाय? मग ही माणसं जातात कुठं?"

"जात नाहीत."

"खातात का?"

"खातात."

"खातात, पितात, नि जात नाय." लतीफभाईंनी मान हलवली. "तुझं शहर एक दिवस फुटंल रे, बुद्धा."

"लतीफ, तू आपले टेम्पो बघ," मागच्या खुर्चीवरून अण्णा म्हणाले. "मुतारीचं काय घेऊन बसलायस? पूल बघितलास का? बुद्धा, त्याला पूल दाखव."

बुद्धरत्नने पूल दाखवला. अण्णा लोकांना पूल असा दाखवायला लावत की बघणाऱ्याला वाटावं, खांब यांनीच रोवलेत. खरं तर महिन्याभरापूर्वीपर्यंत पोराचं काम काय, हे त्यांना धड सांगता येत नव्हतं. "कंप्युटरवर असतो" एवढ्यावर ते भागवायचे. लग्नाची बोलणी आली की मुलीकडचे विचारत, कंप्युटरवर म्हणजे काय, आणि कुणीतरी पुतण्या मध्येच सांगे, गेम खेळतो तो. बोलणी तिथेच बसायची. आता मात्र अण्णांनी शहर डोळ्यांनी बघितलं होतं. निवृत्त माणसाला एवढं पुरतं.

अण्णा, म्हणजे श्रीपत, महाडच्या कोर्टात बेलिफ होते. समन्स बजावायचं, नोटिसा पोचवायच्या, जप्तीला जायचं. महाड आणि पोलादपूर, दोन्ही तालुक्यांत असं दार नसेल ज्याच्यावर त्यांनी थाप मारली नव्हती. उमरठच्या पलीकडची वाडी असो की बाजारपेठेतला माडीवरचा बिऱ्हाडकरू, कुठल्या घरात माणूस असून नाही म्हणतात, हे त्यांना उंबऱ्यावरच्या चपलांवरून कळायचं. त्यामुळे पोराच्या शहरात शिरल्याबरोबर ते दारांकडे वळले.

"हे कुणाचं घर?"

"कुणाचं नाही, अण्णा. हे दार उघडत नाही. नुसतं काढलंय."

"आन हे?"

"हेही नाही."

"म्हणजे पार्टी घरात नाय. डकवा नोटीस दाराला!" असं म्हणून ते स्वतःच खो खो हसले होते.

बुद्धरत्नने त्यांना समजावलं होतं. हा खेळ असा असतो की खेळणारा एका भटक्या योद्ध्याचं सोंग घेतो, शहरात शिरतो आणि वाटेल तिकडे फिरतो. त्याला वाटायला हवं की शहराला अंत नाही. पण मशीनची ताकद बेताची, म्हणून सगळी लबाडी करावी लागते. गल्ली सरळ ठेवायची नाही. सरळ ठेवली की पार टोकापर्यंतचं दिसतं, आणि ते सगळं मशीनला रंगवत बसावं लागतं. म्हणून थोडं चाललं की वळण द्यायचं. एकच घर फिरवून, छप्पर बदलून दहा ठिकाणी उभं करायचं. आणि खेळणाऱ्याच्या पाठीमागे शहर नसतंच. तो वळला की होतं.

वळणं त्याने महाडच्या बाजारपेठेवरून उचलली होती. सावित्रीच्या काठाकडे उतरणारे बोळ, मध्येच आडवं येणारं दुकान, वळलं की अवचित समोर उघडणारा चौक. पुण्याच्या ऑफिसात त्या वळणांचं कौतुक झालं. हे तुला सुचतं कसं, म्हणून विचारलं गेलं. बुद्धरत्नने सांगितलं, सुचतं. घरून काम करायची परवानगी टिकवायची तर आपलं घर काय देतं, हे फार सांगू नये, असा त्याचा हिशेब होता.

आणि मग त्या चौकात तळं होतं.

तळं त्याच्या मनचं नव्हतं, परदेशातल्या क्लायंटच्या नकाशात होतं. शहराच्या मधोमध, चौकोनी, पायऱ्यांचं. बाकी तपशील त्याच्यावर सोडले होते. बुद्धरत्नने ते इतक्या पटकन केलं की पुण्यातल्या सेजलने, म्हणजे त्याच्या वरिष्ठ बाईने, दोनदा विचारलं, कुठून उचललंयस का? चारही बाजूंनी पायऱ्या, पाण्यावर उतरलेलं आभाळ, काठाला बसायला कट्टा. मग माणसांसाठी जमीन रंगवायची. या शहरांत माणूस कुठे जाऊ शकतो ते मशीनला सांगावं लागतं. चालता येईल अशी सगळी जमीन पडद्यावर निळी करायची. निळं असेल तिथे माणूस जातो, नसेल तिथे जात नाही. बुद्धरत्नने चारही बाजूंच्या पायऱ्या निळ्या केल्या. सगळ्यांसाठी.

शहराच्या उत्तरेला भट्ट्यांच्या राखेत राहणाऱ्या लोकांची एक वस्ती होती. तिचं इंग्रजी नाव अण्णांच्या जिभेवर बसेना, म्हणून त्यांनी तिचं नाव राखवाडी ठेवलं. तिथल्या बायका दुपार झाली की घागरी घेऊन निघत, वळणावळणाने चौकात येत, पायऱ्या उतरत, वाकत. बाप्ये ओंजळीने पीत. पोरं पाय सोडून बसत. हे कुणी बसवलेलं नव्हतं. प्रत्येक माणसाच्या अंगात भूक, तहान आणि झोप एवढं घातलेलं असतं. तहान लागली की जिथे पाणी आणि जिथे निळं, तिथे तो आपणहून जातो.

अण्णांनी पहिल्यांदा ते बघितलं तेव्हा ते हसले नव्हते. चष्मा पुसून पुन्हा लावला होता.

"कुणी सांगितलं त्यांना जायला?"

"कुणीच नाही. त्यांची त्यांची जातात."

"त्यांची त्यांची," अण्णा म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी वस्तीतल्या मंडळाच्या बैठकीत जाऊन त्यांनी ते सगळ्यांना सांगून टाकलं. माझ्या बुद्धाने परदेशच्या लोकांसाठी शहर बांधलंय, मधोमध तळं हाय, नि वाडीवरची माणसं त्यांची त्यांची जाऊन पाणी पितात. वीस मार्चला महाडच्या तळ्यावरचा सत्याग्रह दिनाचा कार्यक्रम आटोपला की सगळ्यांनी घरी जेवायला यायचं, नि पडद्यावर बघायचं. रावजी तात्या मंडळातले सगळ्यांत जुने. ते म्हणाले, येतो. एकदा रावजी तात्या येतो म्हणाले की मागून सगळे येतात.

नेमक्या त्याच आठवड्यात ती चूक सापडली.

शहर तपासणारी माणसं वेगळी असतात. दिवसभर शहरात फिरायचं आणि काय बिघडलंय ते लिहून पाठवायचं, एवढंच त्यांचं काम. त्यांच्याकडून बुद्धरत्नला रोज काही ना काही येई. कोंबडी भिंतीत अडकली. मासेवाली हवेत बसली. त्या दिवशी आलं ते असं होतं: काय दिसतं? राखवाडीची माणसं तळ्यावर येऊन पाणी पितात. काय दिसायला हवं? त्यांनी पिऊ नये.

बुद्धरत्नने ते वाचलं. मग क्लायंटने सुरुवातीला पाठवलेली शहराची माहिती पुन्हा उघडली. तिथे ते होतं. उत्तर वस्तीच्या लोकांना तळ्यावर मज्जाव, असं साध्या ओळीत. त्याने ती ओळ तेव्हाही वाचली असणार. वाचून पुढच्या ओळीवर गेला असणार. हाताने तळं केलं ते डोळ्याने वाचल्याप्रमाणे केलंच नव्हतं. महाडात वाढलेल्या माणसाला तळं काढ म्हटलं तर तो चार बाजूंनी उघडं काढणार. एक बाजू बंद ठेवायची हे त्याला सुचायलाच कुणीतरी वेगळं शिकवायला हवं.

"चूक माझी आहे," त्याने फोनवर सेजलला सांगितलं. "पण राहू दे ना तसं. शहराला काही होत नाही त्याने."

"बुद्धा, अरे शहराला होत नाही, पण गोष्टीला होतं." सेजल चांगली बाई होती. गेल्या वर्षी ऑफिसातली अर्धी माणसं कमी केली, तेव्हा महाडला बसून काम करणाऱ्या या माणसाचं नाव तिनेच यादीतून काढून घेतलं होतं. ते तिने कधी बोलून दाखवलं नाही आणि त्यालाही ते कधी विसरता आलं नाही. "गोष्ट अशी आहे की हिरो येतो, त्याला कळतं की या लोकांना पाणी नाही, आणि शेवटी तो तळं उघडून देतो. ते आधीच पीत असतील तर तो उघडणार काय?"

"आणि तो येईपर्यंत?"

"म्हणजे?"

"हिरो येईपर्यंत त्यांनी काय करायचं? कुणी हा खेळ घेतला आणि दुसरीकडेच भटकत बसला, तळ्याकडे आलाच नाही, तर?"

"अरे, गेम आहे तो," ती म्हणाली, पण दुखवायला नाही. "असं करते. क्लायंटशी तुझं बोलणं घालून देते. गोष्ट लिहिणारा माणूस भला आहे. तू सांग त्याला."

हे तिने खरोखरच चांगल्या मनाने केलं.

गोष्ट लिहिणारा माणूस दाढीवाला होता आणि त्याच्या मागच्या खिडकीत बर्फ दिसत होतं. इकडे बुद्धरत्नच्या खोलीत पंखा फुल्ल होता, आणि लाइट जाऊ नये म्हणून आईने मिक्सर लावायचा थांबवला होता. बुद्धरत्नने इंग्रजीत जुळवून ठेवलेली वाक्यं म्हटली. मी जिथे राहतो तिथे एक तळं आहे. आमच्या लोकांना त्याचं पाणी घ्यायला बंदी होती. मग एके दिवशी ते चालत गेले आणि प्यायले. माझे पणजोबा त्यांत होते. कुणी बाहेरचा हिरो आला नव्हता. त्यांची त्यांची गेली माणसं.

दाढीवाला पुढे वाकून ऐकत होता. त्याचे डोळे खरोखर भरून आले. त्याने दोनदा हात छातीवर ठेवला. हे विलक्षण आहे, तो म्हणाला. हेच तर आम्हाला हवं होतं. मग त्याच्या डोक्यात चक्र फिरू लागलं, आणि ते फिरताना बुद्धरत्नला दिसत होतं. हिरो आता कुलूप तोडणार नाही, तो म्हणाला. तो सगळ्यांच्या पुढे चालत जाईल. पायऱ्या उतरेल. सगळी राखवाडी काठावर श्वास रोखून उभी असेल. तो ओंजळ भरेल. पहिला घोट तो घेईल.

"पण तो त्यांच्यातला नाही," बुद्धरत्न म्हणाला.

तोच तर खेळणारा आहे ना, दाढीवाला समजुतीने म्हणाला. खेळणाऱ्याला काहीतरी करायला मिळालं पाहिजे. मग त्याने विचारलं, तुमच्या त्या तळ्याचे फोटो पाठवाल का? पायऱ्या हुबेहूब करता येतील.

इथे बुद्धरत्नचं इंग्रजी संपलं. मराठी होतं, पण ते त्या कॉलवर कुणाच्या उपयोगाचं नव्हतं. सगळ्यांनी त्याचे आभार मानले. खेळाच्या शेवटी जी नावं सरकत जातात त्यात एक खास ओळ तुझ्यासाठी घालू, असंही ठरलं. प्रत्येकाच्या पदरात काही ना काही पडलं. दाढीवाल्याला प्रसंग मिळाला, सेजलला खूश झालेला क्लायंट, बुद्धरत्नला ओळ. राखवाडीला भिंत.

"वीस तारखेला संध्याकाळी नवी आवृत्ती जाणार आहे," सेजलने नंतर सांगितलं. "त्याआधी कर. तुला नको वाटत असेल तर मोकळेपणाने सांग, इथल्या यशराजला देते. त्याला अर्धा तास लागेल."

म्हणजे भिंत येणारच होती. कुणाच्या हाताने, एवढंच त्याने ठरवायचं होतं. यशराज पोरगा वाईट नव्हता, पण हाताचा धसमुसळा. भिंत घालताना त्याने कट्टा तोडला असता, पायऱ्यांचे दगड हलवले असते. बुद्धरत्न म्हणाला, मी करतो.

आईला त्याने एकोणीस तारखेच्या दुपारी सांगितलं. गीताबाई उद्याच्या पंगतीसाठी तांदूळ निवडत होती. गुडघे दुखतात म्हणून ती पलंगावर बसूनच सगळं करायची. त्याने सगळं सांगितलं, आणि सांगताना त्याच्या लक्षात आलं की आपल्याला आईकडून एकच गोष्ट हवीय. तिने म्हणावं, नाय करायचं. लाथ मार नोकरीवर. मग त्याने मारली असती. निदान त्या दुपारी त्याला तसं वाटत होतं.

गीताबाईने एक खडा उचलून खिडकीबाहेर टाकला.

"तू नाय केलंस तर दुसरा करंल ना?"

"हो."

"मग करून टाक."

"आई, अगं तळं आहे ते."

"मला काय सांगतोस तळं? मी काय पोलादपुरातनं काल आलेय?" तिने सूप झटकलं. "तुझ्या बापाने उभा जन्म लोकांच्या दाराला नोटिसा डकवल्या. आपल्याच वाडीतल्या माणसाची भांडी बाहेर काढून आला होता एकदा जप्तीत. मनातनं केलं का? चार दिवस जेवला नाय. पाचव्या दिवशी कोर्टात गेला. तू इंजिनेरीची फी मागितलीस तेव्हा कुठनं आली ती? ती तिथनंच आली."

बुद्धरत्नने पलंगावर सांडलेले दाणे उचलून सुपात टाकले.

"फकस्त उद्या नको सांगू तुझ्या बापाला," ती म्हणाली. "उद्या माणसं येणार. बघू देत त्यांना. ती गेल्यावर काय करायचं ते कर."

वीस मार्चला महाडात पाय ठेवायला जागा नसते. डेपोपासून तळ्यापर्यंत माणूसच माणूस. अण्णा सकाळपासून पांढरा शर्ट घालून मंडळाच्या पाण्याच्या टेबलापाशी उभे होते. ओळखीच्या प्रत्येकाला ते ग्लास देत आणि सांगत, दुपारी घरी यायचंय, विसरू नको. ओळख नसलेल्यांनाही त्यांनी सांगितलं असावं, कारण दुपारी घरात पंगत उठली आणि पुन्हा बसली तरी माणसं येतच होती. भात कमी पडला. लतीफभाईंनी खालून एक टोप पाठवून दिला, आणि पाठोपाठ स्वतः आले.

बुद्धरत्नच्या खोलीत पलंगावर, जमिनीवर, दारात, सगळीकडे माणसं. रावजी तात्यांना पडद्यासमोरची खुर्ची दिली. उमरठकडून सरिता आत्या आली होती, तिला तात्यांच्या बाजूला स्टूल. पंख्याचा वारा कुणाच्याच अंगाला लागत नव्हता.

"लाव रे," अण्णा म्हणाले.

बुद्धरत्नने शहर लावलं. खेळातल्या सकाळपासून सुरुवात केली, कारण अण्णांना पूल दाखवायचा होता. पूल झाला, बाजार झाला. मासेवालीचं भांडण बघून सरिता आत्या म्हणाली, ही बया आमच्या पोलादपूरच्या बाजारातली दिसते. लोक हसले. लतीफभाईंनी मुतारीचा विषय काढलाच, आणि दोन म्हाताऱ्यांनी तो गंभीरपणे घेतला.

मग वेल्मारमध्ये दुपार झाली. राखवाडीतून पहिली बाई घागर घेऊन निघाली.

ती बाई बोळातून वळली, पुन्हा वळली. तिच्या मागे आणखी तिघी. एक म्हातारा. एक पोर पळत पुढे गेलं, थांबलं, पुन्हा पळालं. चौक उघडला. बाई पायरी उतरू लागली. या पायऱ्या जरा उंच करायला हव्या होत्या, असं काहीतरी बुद्धरत्न मनात घोकत होता. दुसरं काही मनात येऊ नये म्हणून.

बाई वाकली. घागर पाण्यात बुडाली. म्हाताऱ्याने ओंजळ तोंडाशी नेली.

टाळी पहिल्यांदा कुणी वाजवली ते कळलं नाही. मग सगळ्यांनीच वाजवल्या. सरिता आत्याने पदर डोळ्यांना लावला. रावजी तात्या टाळ्या वाजवत नव्हते. ते खुर्चीत पुढे सरकून अगदी पडद्याला नाक लावून बघत होते.

"तो म्हातारा," ते म्हणाले. "त्याला थांबवत नाय ना कुणी?"

"नाही, तात्या."

"रोज येतो?"

"रोज," बुद्धरत्न म्हणाला.

तात्यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. सुरकुतलेला, हलका हात. मग ते उठले, आणि ते उठले म्हणून सगळे उठले. जिन्यात चपलांचा गोंधळ झाला. अण्णा सगळ्यांना सोडायला डेपोपर्यंत गेले. जाताना जिन्यावरून त्यांचा आवाज येत होता: "परदेशात बघणार हो सगळे! परदेशात!"

घर रिकामं झाल्यावर बुद्धरत्नने दार लोटून घेतलं आणि कामाला बसला.

भिंत घालायला फार काही लागत नाही. एक चौकोन ओढायचा, ताणून काठाला बसवायचा. ती कुणाला दिसत नाही. मग कुणाला अडवायचं ते विचारलं जातं, त्यातून राखवाडी निवडायची. त्याने कट्टा मोडला नाही. एक दगड हलवला नाही. काम स्वच्छ झालं. मग शहर चालू करून बघितलं, कारण बघावंच लागतं.

दुपार झाली. ती बाई निघाली. वळली, पुन्हा वळली, चौकात आली आणि पायरीच्या अलीकडे थांबली. थांबली म्हणजे पाय थांबले नाहीत. भिंत आहे हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. तहान होती, समोर पाणी होतं, म्हणून ती चालत राहिली. पाय उचलत होती, टाकत होती, आणि जागच्या जागी होती. तिच्या मागून तिघी आल्या, त्याही तशाच. म्हातारा आला. ते पोर पळत आलं आणि पळतच राहिलं. थोड्या वेळात सगळी राखवाडी काठाला येऊन उभ्या जागी चालत होती.

बुद्धरत्नने तेच पाठवून दिलं. मनात आलं, बघू देत त्यांना. हे बघून कुणाला तरी काहीतरी वाटेल.

वाटलं. लगेच सेजलचा फोन आला.

"बुद्धा, भिंत मस्त झालीय. फक्त ते सगळे काठाला येऊन चालत बसतात ना, ते बरं दिसत नाही. क्लायंट म्हणतोय, विनोदी वाटतं."

"मग काय करू?"

"सोपं आहे. त्या वस्तीची तहानच बंद कर. म्हणजे ते येणारच नाहीत." ती थांबली. "आणि घागरीही काढून टाक, उगाच मशीनवर भार. ठीक आहे ना तू?"

"ठीक आहे," बुद्धरत्न म्हणाला.

तहानेपुढे एक खूण होती, ती काढली. पुढच्या कप्प्यात वस्तूंची नावं होती, त्यातून घागर काढली. त्याने ते पाठवलं. पुण्याहून अंगठा आला.

अण्णा आले तेव्हा खिडकीत ऊन उतरलं होतं. पांढरा शर्ट पाठीला चिकटला होता, आवाज बसला होता, आणि चेहरा असा की वयाने पाचदहा वर्षं परत केली असावीत. ते खुर्ची ओढून पोराच्या मागे बसले.

"तात्या डेपोत सगळ्यांना सांगत होते," ते म्हणाले. "बुद्धा, एकदा लाव रे. मघाशी गर्दीत नीट बघायला मिळालं नाय."

"अण्णा, दमलात तुम्ही. उद्या बघू."

"उद्या कशाला? लाव."

शहर चालूच होतं. बुद्धरत्नने पडदा त्यांच्याकडे वळवला.

वेल्मारमध्ये भर दुपार होती. तळं चौकात स्वस्थ पडलं होतं. दोन सावकार कट्ट्यावर बसले होते, एक शिपाई तोंड धूत होता. अण्णा बघत राहिले. सावली पायरीवरून सरकली.

"आली नाय अजून?"

"नाही."

"वाडी दाखव."

त्याने राखवाडी दाखवली. माणसं दारांत बसली होती. भट्ट्या धगधगत होत्या, आणि म्हातारा राखेच्या ढिगाला पाठ टेकून मान इकडून तिकडे वळवत होता. पोर घराच्या भिंतीशी उभं होतं.

"जात का नाय ते?"

"तहान नाही लागलेली त्यांना, अण्णा."

"एवढ्या उन्हात? भट्टीवर?"

अण्णांनी पोराकडे बघितलं नाही. दारात आलेल्या माणसाचं तोंड न बघता आत काय झालंय ते ओळखायची सवय त्यांना होती. त्यांनी फक्त खुर्चीच्या हातावरचे हात मांडीवर घेतले.

तेवढ्यात एका दारातून ती बाई बाहेर आली. ती कुठेच निघाली नव्हती. शहर जिवंत दिसावं म्हणून माणसांना थोडं इकडून तिकडे चालायला लावतात, तशी ती वाडीतल्या वाडीत चालू लागली. घागर गेली होती. पण घागर घेऊन चालायची तिची ढब तेवढी काढायची राहून गेली होती. कंबर एका बाजूला कललेली, कोपर वाकलेलं, हाताने रिकाम्या हवेला घट्ट मिठी मारलेली. भट्टीपर्यंत गेली, वळली, तशीच परत आली.

"ही अशी का चालते रे?" अण्णांनी हळूच विचारलं.

"चूक राहिलीय," बुद्धरत्न म्हणाला. "अजून कुणाच्या लक्षात नाही आली."

अण्णा पुढे सरकले. बाई पुन्हा दारापर्यंत आली, पुन्हा वळली, आणि नसलेलं पाणी सांडू नये अशा बेताने पावलं टाकत राखेतून चालू लागली.